हिंदीचे भाषांतर नेहमी करा

रविवारी दहाच्या सुमारास भोपाळातल्याच मिसरोदच्या माझ्या घरून आनंद नगरला बाबांकडे पोचले, तर ते इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसलेले. घरात इस्त्रीचा शर्ट म्हणजे कुणाशी तरी वाजलेलं असतं.

"मी मराठी मंडळ सोडतोय," ते म्हणाले. "फैसला झालाय. राजीनामा लिहून तयार आहे, अकराच्या बैठकीत देणार."

आई गेल्यापासून मंडळ हेच त्यांचं बाहेर पडणं. तेही सुटलं की बाबा चार भिंतींत, आणि मी फक्त रविवारची येणार.

कारण विचारलं. मंडळाच्या वेबसाइटवर त्यांचा लेख आला होता, भोपाळात मराठी टिकवण्याबद्दल. तो चिटणिसांनी परस्पर बदलला, असं त्यांचं म्हणणं. चिटणीस नागपूरचे, बाबा पुण्याचे. कारखान्यातल्या नोकरीपायी सगळी हयात भोपाळात गेली, तरी ही सरहद्द बाबांनी राखून ठेवली आहे.

"नागपूरकर माझं मराठी सुधारणार! आणि वाक्यं चांगली झालीत गं. तोच तर अपमान आहे."

मी पान बघितलं. वर कोपऱ्यात भाषांतराची खूण होती, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वीजबिलाची, पेन्शनची पानं हिंदीत येतात. आपल्या घरात ती हिंदीत वाचणार नाही, असा बाबांचा बाणा. म्हणून त्यांनी ब्राउझरमध्ये 'हिंदीचे भाषांतर नेहमी करा' यावर स्वतःच्या हाताने टिचकी मारली होती. ब्राउझर बिचारा इमानी. हिंदी दिसली की विचारत बसत नाही, मराठी करून मोकळा होतो. बाबांचा लेख त्याला हिंदी वाटला होता.

आता आली का पंचाईत! चिटणिसांना सोडवायचं, तर खरा प्रकार सांगावा लागणार. गप्प बसावं, तर अकराला राजीनामा. मी भाषांतर बंद करून मूळ पान आणलं.

बाबा मोठ्याने वाचू लागले. "आपली भाषा जपण्याची जिम्मेदारी आपलीच आहे. तरुण पिढीची लापरवाही आता बर्दाश्त होणार नाही." थांबले. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे तर मीच लिहिलेलं. मग बदललं कोणी?"

"ब्राउझरने. त्याला हे हिंदी वाटलं, बाबा."

मला माझाच राग आला. एखादी थाप मारायला काय झालं होतं? बाबांनी कॉम्प्युटरकडे पाठ केली.

"तुझी आई होती तोवर रोज भांडायचो आम्ही," ते म्हणाले. "भाजीवाल्याशी हिंदी, शेजाऱ्यांशी हिंदी, भांडण मात्र मराठीत. आता कोणाशी भांडू?"

मग राजीनामा पुढे ओढून म्हणाले, "आता तर द्यायलाच हवा. कारण तेवढं बदलतो."

मी तो हातात घेऊन वाचला. नसती उठाठेव, आगाऊपणा, शहाणपण पाजळणे, अक्कल गहाण ठेवणे. अख्ख्या पानात हिंदीचा एक शब्द सापडेना.

"हे बरं अस्सल उतरलंय."

"रागात होतो ना."

मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

"आण इकडे."

"नाही देणार."

"बापाच्या वस्तूला हात लावतेस? उद्धट कार्टी!"

"आणि तुमचा हेकटपणा? आईने दिवस कसे काढले तुमच्याबरोबर, देव जाणे!"

"तिचं नाव काढू नकोस! ती तुझ्यासारखी आगाऊ नव्हती. तुझ्या दुप्पट होती!"

तासभर आम्ही कडाकडा भांडलो. अकरा वाजून गेले. शेवटी घसा बसला तेव्हा बाबा पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या रविवारी जरा लवकर ये."