'इशारे पर' लिहिलेल्या सतरा प्रती

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते कन्हानच्या एका लग्नाच्या बँडच्या मास्तरांचे. वडील खाणीत कामाला, घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मास्तरांनी मला क्लॅरिनेट शिकवलं, सीझनमध्ये काम दिलं आणि बी.ए.च्या पेपरांसाठी ऐन लग्नसराईत सुट्टीही दिली. "तू पेपर लिही गा, वरात काही तुह्यावाचून अडून नाही राह्यली," एवढंच म्हणाले.

त्यांची स्वतःची एक धून होती. वरात मंडपाशी खोळंबली की ते ती वाजवायचे. ती कुठल्या सिनेमातली नव्हती आणि कागदावरही नव्हती. आता दम्यामुळे त्यांचं वाजवणं सुटलं आहे. बँडही डीजेपुढे टिकला नाही.

नागपुरात बिग बँडची, म्हणजे सतरा वादकांच्या जॅझ ताफ्याची, कार्यशाळा होणार असं कळलं, तेव्हा ती धून सतरा वादकांसाठी बांधायचं मी ठरवलं. शेवटच्या दिवशी बाहेरून आलेले वादक आम्हा नवख्यांच्या रचना कागद बघून पहिल्यांदाच वाजवणार होते, प्रत्येकी बारा मिनिटं. मास्तरांना सांगितलं तर ते खाटेवर उठून बसले.

"माह्यी धून? सतरा जण?" मग दम लागला. जरा वेळाने म्हणाले, "लवकर कर मंग. मले ऐकू दे."

दोन महिने प्रताप नगरच्या खोलीवर, ऑफिसला जाण्याआधी, मी लिहीत होतो. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्यासाठी एकच सूर वेगवेगळा लिहावा लागतो, हे पुस्तकातून शिकलो. त्यात एकही चूक केली नाही.

चूक दुसरीकडे झाली. आमच्या बँडमध्ये थांबायच्या जागी कोणी मात्रा मोजत नसे. मास्तर भुवई उचलायचे आणि आपण सुरू करायचं. मोजताना दिसलो की ओरडायचे, "कागदात काय पाहून राहिला? माह्याकडं पाह्य!" म्हणून जिथे वादकाने थांबायचं, तिथे किती मात्रा ते न लिहिता मी लिहिलं, 'इशारे पर'. समोर उभं राहून हाताने बँड चालवणाऱ्या संचालकांसाठीही फक्त मुख्य धून लिहिली. बाकीचं सगळं माझ्या डोक्यात होतं. बँड असाच चालतो असं मला वाटायचं.

कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी माझी पाळी आली. पाच सॅक्सोफोननी सुरुवात केली. मास्तरांची धून इतक्या भरीव आवाजात मी कधी ऐकली नव्हती. मग ट्रम्पेट यायला हवे होते. ते आले नाहीत. संचालकांनी हात थांबवला.

"ट्रम्पेट?"

"सर, इसमें लिखा है, इशारे पर."

मागून एक ट्रॉम्बोनवाला म्हणाला, "इशारा कौन करेगा, दुल्हन?"

सगळे हसले. मीही हसलो.

संचालक भला माणूस. घड्याळ बघून म्हणाले, "चार मिनट हैं. आप ही आइए." मी पुढे उभा राहिलो. ट्रम्पेटची जागा आली, मी भुवया उचलल्या, मग हातही उचलला. पण कागद नवा, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा कागदावर. दोघे आले, दोघे राहिले. ट्रॉम्बोन भलतीकडेच शिरले आणि सगळं विस्कटलं. वेळ संपली.

"धुन अच्छी है," संचालक म्हणाले. "गिनती लिख के लानी थी."

संध्याकाळच्या गाडीने ते सगळे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सतराही प्रतींवर मात्रा लिहून टाकल्या. ऑफिसला जायच्या आत काम झालं. आता प्रती बरोबर आहेत, पण वाजवायला माणसं नाहीत. नागपुरात मला चार ट्रॉम्बोनवाले सापडणार नाहीत.

फोनवर मास्तरांना खोकला बोलू देत नाही, म्हणून पत्र टाकलं:

आदरणीय मास्तर,

धून पुरी वाजली नाही. सुरुवात तेवढी झाली, पुढे माझ्या लिहिण्यातल्या चुकीने बंद पडली. तुम्ही शिकवलेलं चुकलं असं मनात आणू नका. तिथली रीत मी कोणाला तरी विचारायला हवी होती, ती विचारली नाही. ते लोक परत येतील असं दिसत नाही, आणि आले तरी कधी, ते सांगता येत नाही. चांगलं झालं असं लिहावं, हे मनात आलं होतं. पण तुम्ही ऐकवायला सांगितलं असतं.

रेकॉर्डिंग केलं होतं. त्यात धुनीपेक्षा हसणं जास्त आहे, म्हणून पाठवत नाही. रेकॉर्डिंगसाठी तुमच्या सूनबाईंना फोन सारखा उघडून पाहायला लावू नका. त्यात काही येणार नाही.

तुमचा विद्यार्थी