खाल्लेलं अक्षर

चिखलीत जयमालाच्या हातचा केक खाल्लेली माणसं पुष्कळ आहेत, पण तिच्या मोरीतला खटाटोप कोणाला ठाऊक नाही. केक करायला तिला दोन तास लागतात आणि साहित्य धुवायला तीन. साहित्य म्हणजे परात-पातेली नव्हेत, तर क्रीमची फुलं पाडायची आणि अक्षरं काढायची ती करंगळीएवढी स्टीलची नोझलं. पाणी खळखळ उकळायचं, त्यात ती सोडायची, दात घासायच्या जुन्या ब्रशाने आतून घासायची, मग टोकात सुई फिरवायची. शेवटी एकेक नोझल डोळ्याला लावून खिडकीकडे बघायचं. पलीकडचा उजेड स्वच्छ गोल दिसला, तरच ते चाळणीत पडायचं. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

या धुण्यापायी घरात काय काय झालं ते सांगायला बसलो तर दिवस मावळेल. क्रीम सारखं करायची प्लॅस्टिकची पट्टी उकळत्या पाण्यात वितळून पातेल्याच्या बुडाला चिकटली. चांदणीच्या आकाराचं एक नोझल मोरीच्या जाळीतून आत गेलं आणि सगळा पाइप खोलावा लागला. सासरे उत्तमरावांच्या ताटात एकदा वरणातून नोझल निघालं, तेव्हा त्यांनी ते चिमटीत धरून विचारलं, “सूनबाई, कुकरची शिट्टी बी वाढून राह्यली का आता?” आणि एकदा केकची फिरती थाळी घासताना जयमालाच्या हातातली काचेची बांगडी तडकली.

“फुटली,” जयमाला म्हणाली.

“फुटली म्हणू नाही वं!” सासू शालूबाई आतून ओरडल्या. “वाढली म्हणावं.”

बांगडी वाढते, नारळ वाढवतात. फुटणं आणि तुटणं हे शब्द शुभाच्या वस्तूला लावायचे नाहीत, असा शालूबाईंचा कायदा होता. जयमालाने तुकडे वेचले आणि पुन्हा ब्रश उचलला. आळीतल्या बायका तिला हसायच्या. हसणाऱ्याचं काय जातं! दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. जयमालाचं काय पोळलं होतं, ते मात्र तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीची, दिवाळीनंतरची गोष्ट. गोविंदा नावाचा हसरा पोरगा अमडापूर-चिखली जीप चालवायचा. रोज बाराच्या सुमाराला जयमालाच्या दारावरून जाताना तो तीनदा हॉर्न द्यायचा, कारण तिचा नवरा भागवत त्याचा दोस्त होता. गोविंदाची आई अन्नपूर्णाबाई, हिने लेकाच्या वाढदिवसाला केक सांगितला. वर नाव पाहिजे, तेही मोठ्या लाल अक्षरात.

त्या दिवशी जयमालाच्या हातात तीन केक होते. सकाळी वापरलेलं, अक्षरं काढायचं दोन नंबरचं नोझल तिने घाईत नुसतं नळाखाली धरलं होतं. टोकात साखरेचा कण बसलाय हे तिला कळलं नाही. ‘गो’ छान उमटला. ‘विं’ काढताना क्रीम अडलं. तिने जोर लावला, तशी क्रीमची पिशवी फाटली आणि लाल गोळा थेट अक्षरावर पडला. तिने तो खरवडला, डाग झाकायला वर पांढरं फूल काढलं, सुईने नोझल मोकळं केलं आणि पुढे ‘दा’ लिहिला. तेवढ्यात बाहेर तीन हॉर्न वाजले.

गोविंदाने डब्यात डोकावलं आणि खो खो हसला. “वहिनी, माह्यं एक अक्षर खाल्लं तुमी!”

“थांबा ना, पुसून नीट लिहते.”

“राहू द्या हो. कापाचाच हाय.”

गेला. चौथ्या दिवशी दुपारी वळणावर जीप उलटली. सात जण बसले होते. सहा जण खरचटण्यावर निभावले, आणि गोविंदा जागीच गेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, हे जयमालाला कळत नव्हतं असं नाही. पण मन चिंती ते वैरी न चिंती. वाढदिवसाच्या दिवशी माणसाचं नाव आपल्या हातून मधोमध तुटलं, हे तिच्या डोक्यातून जाईना. भागवत मातीला गेला, दहाव्यालाही गेला. ती अन्नपूर्णाबाईला भेटायला म्हणून गेली नाही. कोणत्या तोंडाने जायचं? नळ सोडला की पाण्याच्या आवाजातून तिला स्वच्छ ऐकू यायचं, “एक अक्षर खाल्लं तुमी.” ती नळ बंद करायची. मग आणखी स्पष्ट ऐकू यायचं.

जीप आता दुसराच कोणी चालवतो. तो दारावर हॉर्न देत नाही. तरी बाराच्या सुमाराला जयमालाचा हात ओट्यावर थबकतो आणि ती तीनपर्यंत मोजते.

ते दोन नंबरचं नोझल तिने एकदा उकिरड्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी ते चाळणीत, बाकीच्यांच्या मधोमध, लखलखीत होऊन बसलेलं. मग कळलं की शालूबाईंनीच उचलून आणलं होतं. “चांगली वस्तू काऊन फेकून राह्यली वं?” पुढे तिने ते ज्वारीच्या कोठीत खोल खुपसलं, तर महिन्याभराने दळणाच्या डब्यातून निघालं. तिसऱ्यांदा तिने प्रयत्न केला नाही. ते धुवायची सगळ्यांत शेवटी, आणि त्यातून आरपार दोनदा बघायची.

नाव लिहिणं तिने तेव्हापासून सोडलं. “नाव नाही टाकत मी,” म्हणायची आणि दुकानातून आणलेली शुभेच्छांची पट्टी खोचून द्यायची. लोक कुरकुरले, काही दुसरीकडे गेले.

यंदा शिमग्याच्या आधी, ऐन दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात एसटीचं तिकीट तसंच चुरगळलेलं. अन्नपूर्णाबाई. जयमालाच्या हातातलं पातेलं खाली पडलं आणि उकळतं पाणी पायावर सांडलं. पण तिला त्याची शुद्ध नव्हती. इतक्या वर्षांनी ही जाब विचारायला आली, एवढंच तिला वाटलं.

“पाय पोळला पोरी! गार पाणी घाल आधी!” अन्नपूर्णाबाईनेच धावत येऊन नळ सोडला आणि तिचा पाय धारेखाली धरला.

“मावशी,” जयमालाला रडूच फुटलं, “माह्या हातानं नाव तुटलं व्हतं त्याचं. मी नोझल नीट धुतलं नव्हतं.”

म्हातारीने नळ बंद केला. “तीन साल हेच घेऊन बसली का तू? तरीच आली नाही मले भेटाले.” मग पदराने तिचा पाय टिपत म्हणाली, “तुटलं म्हणू नाही पोरी. वाढलं म्हणावं.”

जयमालाला वाटलं, म्हातारी आपली समजूत काढते आहे.

“खरंच सांगतो. त्यानं केक घरी आणला अन् सुनेले दाखवला. थे पोटुशी व्हती तवा. म्हणे, हे पाय, वहिनीनं माह्यं अक्षर खाल्लं अन् लेकीचं नाव लिहून धाडलं. इकडं गो, तिकडं दा. पोरगी झाली त गोदाच ठेवू. लय हसला त्या दिवशी.” अन्नपूर्णाबाईने ओला पदर पिळला. “पोरगीच झाली. परवा तीन सालाची होते माही गोदा. केक पाह्यजे, अन् वर नाव पाह्यजे. थ्याच हातचं.”

नाही म्हणायला जयमालाजवळ काही उरलं नव्हतं. ठरल्या दिवशी अन्नपूर्णाबाई सकाळच्याच एसटीने आली आणि ओट्याशेजारी पाट घेऊन बसली. जयमालाने दोन नंबरचं नोझल धुतलं, सुई फिरवली, डोळ्याला लावलं. पलीकडे खिडकीतला उजेड होता, स्वच्छ, गोल. बाराची जीप दारावरून गेली. जयमालाने तीनपर्यंत मोजलं आणि मग पिशवीत लाल क्रीम भरलं.

‘गो’ उमटला. हात पुढे सरकला. क्रीम अडलं नाही, पिशवी फाटली नाही. ‘दा’ लिहून तिने हात उचलला आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की दोन अक्षरांच्या मध्ये आपण बरोबर एका अक्षराची जागा सोडली आहे. कधी सोडली ते तिलाही सांगता आलं नसतं.

“मावशी, पुन्हा चुकलं. पुसून जवळ जवळ लिहते.”

अन्नपूर्णाबाई उठून केकवर वाकली. तिने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि जयमालाचं मनगट धरलं.

“पुसू नको. त्याची जागा हाय थे.”