बुरुलचाच्या चार प्रती

अत-बाशी गावच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून बुरुलचा निवृत्त झाली, तेव्हा निरोपाच्या समारंभात मुख्याध्यापक तिच्या शिस्तीबद्दल बरंच बोलले. प्रेमळपणाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर हॉलमध्ये खसखस पिकली असती. तिच्या हातचे फटके खाल्लेले विद्यार्थी बाप्ये झाले तरी ती समोरून येताना दिसली की रस्ता बदलायचे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा एल्दियार मॉस्कोत, एका गोदामात कामाला. घरात ती एकटी, एक लोखंडी शेगडी आणि मुलानं पाठवलेला जुना लॅपटॉप.

त्या लॅपटॉपवर तिनं सासरच्या घराण्याचा सांजिरा लिहायला घेतला. सांजिरा म्हणजे वंशावळ. अत-बाशीतल्या कुठल्याही पुरुषाला झोपेतून उठवून विचारा, सात पिढ्यांचे बाप घडाघडा म्हणून दाखवील. बुरुलचा वही घेऊन घरोघर फिरली आणि विचारत सुटली, "बाप राहू दे. आईचं नाव सांग. तिच्या आईचं?" तिसऱ्या नावाला सगळे गार पडायचे. काही हसले, काहींनी दारातूनच परत पाठवलं. एकानं अंगावर कुत्रा सोडला. तिनं कुत्र्याला वही दाखवून गप्प केलं आणि त्या घरातल्या तीन बायकांची नावं घेऊनच बाहेर पडली.

पहिल्याच हिवाळ्यात एकदा वीज गेली आणि परत आली ती अशा झटक्यानं, की लॅपटॉपमधून जळका वास आला. आठ महिन्यांचं लिखाण. ती बसनं नारीन शहराला गेली. तिथल्या बाजारात तोलोमुश नावाचा माणूस यंत्रं दुरुस्त करायचा. त्यानं पेचकस खाली ठेवला. तिला तो एजे म्हणाला, म्हणजे ताई.

"यंत्र चालू करून देतो, एजे. आतलं गेलं."

"गेलं म्हणजे? शोध."

"जळालेल्या गवतात गवत शोधू का? तुम्ही दुसरी प्रत कुठे ठेवली होती?"

बुरुलचा यंत्राचं झाकण मिटू लागली.

"तीन प्रती करायच्या," तोलोमुश तिच्यावरच खेकसला. "एक यंत्रात, एक यंत्राबाहेर, एक घराबाहेर. हे मी गाढवांनाही सांगतो. तुम्ही तर मास्तरीण."

चौतीस वर्षांत तिच्याशी या आवाजात कुणी बोललं नव्हतं. तिला तो माणूस अजिबात आवडला नाही, पण त्याचा हिशेब बरोबर होता. वह्या शाबूत होत्या म्हणून तिनं सगळं पुन्हा टाइप केलं. मग पेनड्राइव्ह आणला, त्यात एक प्रत भरली आणि चहाच्या डब्यात पुरचुंडी करून ठेवली. महिन्याच्या शेवटी टपाल कचेरीत जाऊन तिथल्या इंटरनेटवरून एल्दियारला फाइल पाठवायची. मेलचं खातं त्यानंच उघडून दिलं होतं. पासवर्डही त्यानंच ठरवलेला. तीन प्रती झाल्या. आता सुटले, असं तिला वाटलं.

लिहिता लिहिता ती बोकोयपाशी आली. बोकोय म्हणजे तिच्या सासऱ्यांचे आजोबा. घराण्यात त्यांचं नाव मोठं. एकोणीसशे सोळा सालच्या पळापळीत, झारचं सैन्य मागे लागलं तेव्हा, ते घरदार उचलून बर्फातून खिंड ओलांडून चीनमध्ये गेले आणि तीन मुलगे जिवंत परत घेऊन आले, ही गोष्ट प्रत्येक मेजवानीत सांगितली जायची. मुलगे कशावर जगले ते कुणी सांगत नसे. बुरुलचाला ते सासूनं सांगितलं होतं, मरायच्या आदल्या वर्षी, कणीक मळता मळता, मान वर न करता. बोकोयना दोन मुली होत्या, उलपान आणि सुयुम. एक अकरा वर्षांची, एक नऊ. खिंडीपलीकडे दोघींना पिठाच्या बदल्यात देऊन टाकलं. तीन पोती पीठ आलं. मुलगे त्यावर जगले.

बुरुलचानं ते जसंच्या तसं लिहिलं. मुलांच्या ओळीत दोघींची नावं घातली, वयाच्या क्रमानं.

तिचा थोरला दीर असानगाझी हा घराण्याचा कर्ता. बापाच्या स्मरणार्थ तो शरद ऋतूत मोठी मेजवानी घालणार होता, घोडा कापणार होता, आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातात सांजिरा ठेवणार होता. भावजय लिहितेय म्हणून त्यानं तोवर काही हरकत घेतली नव्हती. मग कुणीतरी त्याच्या कानावर घातलं की त्यात बायकाच बायका आहेत, आणि आणखीही काही आहे.

तो सकाळीच आला आणि बूट काढून मानाच्या जागी बसला. बुरुलचानं चहा ओतला. सून म्हणून आली त्या दिवसापासून तिनं या माणसाचं नाव एकदाही तोंडानं उच्चारलं नव्हतं. सासरच्या थोरांची नावं सुनेनं घ्यायची नसतात. ती त्याला बायके म्हणायची, म्हणजे दादा. तो तिला अजून केलिन म्हणायचा, म्हणजे सूनबाई. ती एकसष्ट वर्षांची होती.

"केलिन, वाचून दाखव."

तिनं वाचलं. बोकोयपर्यंत आली तेव्हा त्यानं कप उलटा ठेवला.

"हे कुणी सांगितलं?"

"तुमच्या आईनं."

"माझी आई असलं बोलणार नाही."

"तुमच्याशी नाही बोलली. तुम्ही विचारलंत कधी?"

"जी नावं जिभेवर आणायची सोय नाही, ती बोटांनी बडवत बसलीस इथं! आमच्या घराची लाज काढायला तुला सून करून आणली होती?"

"लाज मी नाही आणली, बायके. ती तीन पोत्यांतून आली. त्यातलंच पीठ खाऊन तुमचे आजोबा मोठे झाले, म्हणून तुम्ही इथं बसून मला दटावताय."

"पुसून टाक."

"नाही."

तो उठला. म्हातारा होता, पण अंगात ताकद होती. आधी त्यानं कोनाड्यातल्या वह्या उचलल्या. सातच्या सात शेगडीत घातल्या आणि झाकण पायानं दाबून धरलं. बुरुलचानं त्याचा हात ओढला तर त्यानं तिला भिंतीवर ढकललं. मग लॅपटॉप उचलून अंगणात गेला, लाकडं फोडायच्या ओंडक्यावर ठेवला आणि कुऱ्हाडीचे चार घाव घातले. शेजारची माणसं कुंपणापाशी उभी राहून बघत होती. कुणीही आत आलं नाही.

"आता लिही," असानगाझी म्हणाला.

बुरुलचा दारात उभी होती. खांदा ठणकत होता, पण मनात ती हसत होती. चहाच्या डब्याकडे तिनं मुद्दामच बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पेनड्राइव्ह घेऊन नारीनला गेली. तोलोमुशनं तो जोडला, पडद्याकडे पाहिलं, काढून पुन्हा जोडला. फाइलचं नाव दिसत होतं. आत काहीच नव्हतं.

"ही उघडून कधी बघितली होती?"

"ठेवली होती ना मी!"

"ठेवली का, असं नाही विचारलं. उघडली का, असं विचारलं. भरली, ओढून काढली, डब्यात टाकली. नीट भरली गेली का ते बघायला नको? एवढी वर्षं पोरांच्या वह्या न उघडताच मार्क देत होतात काय?"

बुरुलचानं पेनड्राइव्ह हिसकावून घेतला आणि आभार न मानता बाहेर पडली. बाजाराच्या कोपऱ्यावर उभं राहून तिनं मॉस्कोला फोन लावला.

एल्दियार बराच वेळ नुसता हवापाण्याचं विचारत राहिला. तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

"फाइल पाठव मला. शेवटची पाठवलेली."

"आई, मोठ्या काकांचा फोन आला होता. गेल्याच आठवड्यात."

"मग?"

"ते रडत होते गं. म्हणाले, मेजवानीच्या आधी घराण्याचं नाक कापलं जाईल. मला म्हणाले, तू या घरचा मुलगा, तुझं कर्तव्य आहे."

"एल्दियार. फाइल."

"पुसली मी."

"मेलमधली?"

"तीही. खातंच बंद केलं. आई, तुला त्रास होऊ नये म्हणूनच..."

तिनं फोन बंद केला. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. शेजारच्या बाईनं सुक्या दह्याचे गोळे पुढे केले, ते तिनं न बघताच ढकलले. जिथं जिथं आपलं माणूस होतं तिथली तिथली प्रत गेली होती. वीज, दीर, स्वतःचा आळस, पोटचा मुलगा, असं ती मनात मोजत होती, आणि मोजता मोजता तिला जुमाकान आठवली.

जुमाकान शाळेत इतिहास शिकवायची. वीस वर्षांपूर्वी बुरुलचानं शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोर म्हटलं होतं की या बाई पोरांना सनावळ्या चुकीच्या शिकवतात. त्या दिवसापासून दोघींचं हाडवैर. आता जुमाकानच्या ताब्यात शाळेचं छोटं संग्रहालय होतं, आणि तिथल्या कपाटात जुने हजेरीपट. मार्चमध्ये मुलींची नावं शोधायला बुरुलचाला ते हवे होते. जुमाकान म्हणाली होती, आधी तुझी फाइल दे, काय दिवे लावलेस बघते, मग कपाट उघडते. बुरुलचानं दात-ओठ खात फाइल दिली होती आणि बजावलं होतं की वाचून झाली की लगेच पुसून टाक.

तिनं एक दिवस जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी गेली.

जुमाकान संग्रहालयात कोट घालूनच बसली होती. शेगडी धड पेटत नव्हती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "कुऱ्हाडीनं. सगळ्या गावानं ऐकलं."

"मार्चमध्ये दिलेली फाइल. पुसलीस का?"

"तू पुसायला सांगितलं होतंस."

"म्हणून विचारतेय."

"तू सांगितलंस म्हणूनच ठेवली." जुमाकाननं पडदा तिच्याकडे वळवला. "एकशे सदतीस चुका आहेत. लाल रंगात लिहून ठेवल्यात. छापून आलं की गावच्या वडीलधाऱ्यांपुढे नेऊन वाचणार होते. ही मास्तरीण दुसऱ्याच्या सनावळ्या काढते म्हणून. या यंत्रात आहे, घरी आहे, पुतणीकडे आहे. आणि कागदावरही आहे, कारण यंत्रावर माझा विश्वास नाही."

बुरुलचा खुर्चीत बसली. मार्चमधली प्रत होती. पुढचे सात महिने त्यात नव्हते. पण उलपान होती, सुयुम होती. तीनशेहून जास्त बायका होत्या.

"दे."

"देणार नाही. इथं बसायचं, माझ्यासमोर. एकशे सदतीसच्या एकशे सदतीस दुरुस्त करायच्या. मग ने."

"तुझ्या निम्म्या चुका या चुकाच नाहीत."

"मग त्या निम्म्यांवर भांडू. तुला दुसरं काय काम आहे?"

पाच आठवडे बुरुलचा रोज तिथं गेली. जुमाकान पाठीमागे उभी राहायची आणि स्वल्पविरामावरूनसुद्धा टोमणा मारायची. दोघी चहाही आपापल्या थर्मासमधून वेगवेगळा प्यायच्या. एकदा जुमाकाननं यंत्र बंद केलं आणि खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली, कारण बुरुलचा तिला ढ म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी बुरुलचानं शब्द मागे घेतला, अगदी तेवढाच, आणि काम पुढे चाललं. गेलेले सात महिने तिला पुन्हा दारोदार फिरून गोळा करावे लागले. या वेळी पुरुष दार उघडत नव्हते. बायका मागच्या अंगणातून हाक मारून नावं सांगायच्या आणि लगबगीनं आत पळायच्या.

खिंडीचं पान आलं तेव्हा जुमाकान खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली.

"इथं काय चूक आहे?" बुरुलचानं विचारलं.

"अपुरं आहे. फक्त तुझ्या सासरच्यांनी दिल्या नव्हत्या पोरी. आमच्यांनीही दिली एक. तिचं नाव कुणालाच आठवत नाही. तसं लिही. नाव आठवत नाही, असं लिही." मग लगेच म्हणाली, "आणि क्रियापद बघ. कर्ता कुठे, क्रियापद कुठे!"

शरदात असानगाझीनं मेजवानी घातली आणि स्वतःचा सांजिरा वाटला, एकाच कागदावर, बापांपासून बापांपर्यंत. बुरुलचाला बोलावणं नव्हतं. तिचं पुस्तक पुढच्या वसंतात बिश्केकच्या एका लहानशा छापखान्यातून आलं, दोनशे प्रती. पहिल्या पानावर लेखिकेखाली लिहिलं होतं, 'चुका दाखवल्या: जुमाकान'. ही जुमाकानची शेवटची अट होती आणि त्यावरून दोघी तीन दिवस भांडल्या होत्या. पुरुषांनी पुस्तक हातात धरलं नाही. बायका ओढणीखाली लपवून घेऊन गेल्या. दिराच्या घरून कुणी आलं नाही, आणि पुढे एकमेकांच्या उंबऱ्यावर पाय ठेवणंही संपलं.

बुरुलचानं फाइलच्या बारा प्रती केल्या. एक शाळेत, एक जुमाकानकडे, काही नारीनला, काही आणखी लांब, एकमेकांना न ओळखणाऱ्या बायकांकडे. मेलचं नवं खातं तिनं स्वतः उघडलं आणि पासवर्ड कुणाला सांगितला नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती फोन करायची: "उघड. शेवटचं पान वाच. मोठ्यानं." समोरची बाई वैतागून वाचायची. तेरावी प्रत तिनं पेनड्राइव्हमध्ये भरून टपालानं असानगाझीला पाठवली, सोबत चिठ्ठी: 'फोडा किंवा ठेवा. आणखी बारा आहेत.' त्यानं काय केलं ते कळलं नाही.

दोन वर्षं ती मुलाशी बोलली नाही. तिसऱ्या वर्षी एल्दियारला मुलगी झाली तेव्हा त्याचा फोन आला. नातीचं नाव तिनं विचारून घेतलं, वजन विचारलं, सुनेच्या आईचं आणि आजीचं नाव विचारून घेतलं.

"आई," तो म्हणाला, "पुस्तकाची फाइल माझ्याकडेही पाठव ना. मुलीसाठी ठेवतो."

"छापलेलं पाठवते. वाच."

"फाइल नाही?"

"फाइल नाही," बुरुलचा म्हणाली आणि सुनेच्या आजीचं नाव नीट कसं लिहायचं, ते त्याच्याकडून अक्षर अक्षर करून विचारून घेऊ लागली.