पेढे आधी, नोकरी मागाहून

पिशोरच्या आमच्या भागूबाईनं गावभर पेढे आधी वाटले आणि मग लेकाला मुलाखतीला मुंबईला धाडलं. काशिनाथ संभाजीनगरात हॉटेलात वाढपी होता. आता त्याला शेठलोकांच्या यॉटवर, म्हणजे सहलीच्या बोटीवर, खलाशी व्हायचं होतं.

मी डिवचलंच, "वैनी, पोरानं समुद्र तरी पाह्यलाय का?"

"शिकंल तिथं, भावजी," ती म्हणाली खरी, पण तोंड उतरलं. नोकरी हुकली असती तर मीच तिला वर्षभर सोडलं नसतं.

तिकडं बाकीचे उमेदवार टकटक बूट वाजवत बोटीवर चढले. काशिनाथनं मात्र चकचकीत लाकडी फळ्या पाहून नवे बूट काढून हातात घेतले. सगळे फिदीफिदी हसले.

कप्तानानं विचारलं, "अनुभव?"

"नाय, साहेब."

"मग बूट का काढलेस?"

"सारवलेल्या घरात बूट घालून कोण शिरतं?"

"या लाकडावर ओरखडा पडला, तर मालक मलाच बुडवेल! बाकीचं शिकवतो. सोमवारी ये."

फोन आला तशी भागूबाई ओट्यावर मटकन बसली. "आता पचले बाई पेढे!"

मी लगेच आणखी एक मागून घेतला.