जीपच्या वाटणीची कळशी

“कळशीवरचा हात काढा.”

“एकच तर हाय.”

“एकच हाय म्हणूनच म्हणतेय. दोन असत्या तर तुमच्या जीपला न्हाऊ घातलं असतं.”

“जानके, उशीर होतोय. दूधकेंद्र नऊला बंद होतं.”

“होऊ द्या. म्हैस पहाटेपासून दावं चावतेय, ती दिसत न्हाई. जीपची तहान तेवढी बरोबर दिसते.”

बंकटनं कळशीचा काठ धरला होता आणि जानकीनं बूड. भांडण जोरात चाललं होतं, पण हात दोघांचेही जपून होते. ओढाताण करायची सोय नव्हती; हिसका बसला असता तर पाणी दोघांचंही गेलं असतं.

“फटफटीवर न्या की डबा. उत्तरेश्वरभावजींची उभीच हाय दारात.”

“किती डाव सांगू? मार्ग जीपच्या नंबरावर हाय. फाटकावर गाडीचा नंबर लिहून घेतात. फटफटीवरचं दूध घेत न्हाईत.”

“दुधाला काय कळतंय, कशावर बसून आलं ते?”

“दुधाला न्हाई कळत. केंद्रावरच्या त्रिंबकरावाला कळतं.”

जानकीनं हात सोडला. पटलं म्हणून नव्हे, सांडेल म्हणून. पदरानं हात पुसत ती गोठ्याकडं वळली आणि तिथूनच म्हणाली, “सांजच्याला तिनं दूध न्हाई दिलं तर जीपलाच पिळा.”

होळी होऊन गेली होती. पोरगा आणि सून ऊसतोडीला गेलेले होते, घरात ही दोघंच. आणि गोठ्यात एक म्हैस.

माळेवस्ती पाटोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या माथ्यावर. पस्तीस उंबरे, एक मारुती आणि एक दूध संस्था. बंकट त्या संस्थेचा सचिव. वस्तीच्या तोंडी मात्र ‘सेक्रेटरी’. पूर्वी दुधाचे डबे डोक्यावरून घाट उतरायचे. पाऊस लागला की वाट वाहून जायची आणि दूध वस्तीतच नासायचं. अशात एका साखर कारखान्यानं शेतकी अधिकाऱ्याची जुनी जीप लिलावात काढली. सोळा वर्षं चाललेली, पण चारही चाकांना जोर देणारी. बंकटनं बैलजोडी विकली आणि जीप आणली. पाटोद्याच्या बिभीषण मिस्त्रीनं खाली वाकून तिचं पोट पाहिलं, वर येऊन हात झाडले आणि म्हणाला, “बंकटा, ही गाडी न्हाई, सोयरीक हाय. आता निभाव.”

त्यानं निभावली. चावी फिरवून ती कधीच सुरू व्हायची नाही, म्हणून मुक्काम मारुतीच्या उतारावर. मागून ढकलली की दहा पावलांत खोकून जागी व्हायची. डावं दार दोरीनं बांधलेलं. उजवीकडं वळताना हॉर्न आपोआप वाजायचा. पण घाटाच्या तोंडाशी त्यानं गिअरजवळचा छोटा दांडा ओढला, की पुढची चाकं धोंड्यांवर नखं रोवल्यासारखी चढायची. एका पावसाळ्यात तीन दिवस ट्रॅक्टरही वर आला नाही, तेव्हा जीप नऊ डबे घेऊन दोन्ही वेळा उतरली आणि चढली. त्या वर्षी पोळ्याला जानकीनं तिच्या नाकाडावर हळदीकुंकू लावलं, गळ्यात घुंगरमाळ बांधली. “बैलांच्या जागी आलीय,” ती म्हणाली, “मग पोळा हिचाच.”

पाणी प्यायची खोड तिला नंतर लागली. इंजिन गार ठेवणारी पुढची जाळी कुजली. बिभीषणनं चार वेळा डाग दिला आणि पाचव्यांदा हात टेकले. “शिळ्या भाकरीवानी झालीय. इकडं जोडली की तिकडं फुटतीय. दुसरी कुठं मिळाली तर बघ.” बंकट बीडच्या भंगार बाजारात दोनदा हिंडून आला. त्या जातीची जाळी मिळाली नाही. मग मिस्त्रीनंच सांगितलं, पाण्यात मूठभर हळद टाक, भोकं बुजतात. थोडी बुजलीही. जीप जिथं उभी राही तिथं पिवळं पाणी थेंब-थेंब सांडू लागलं. “सेक्रेटरीच्या जीपला हळद लागली,” साखराबाई विहिरीवर म्हणायची, “आता नवरदेव बघा कुणी.”

विहिरीला पाणी होतं तेव्हा फेरीमागं एक कळशी म्हणजे काही नव्हतं. ज्याचं दूध जास्त, त्याच्या घरची कळशी, असा वस्तीचा रिवाजच पडला होता.

मग दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. विहिरीत गाळ उरला. चौथ्या दिवशी टँकर येई आणि घरटी सहा कळश्या मिळत. गुरं एकेक करून खालच्या चारा छावणीत गेली. तीनशे लिटर दूध अकरावर आलं. तीन घरांचं: उत्तरेश्वराचं, साखराबाईचं आणि जानकीच्या म्हशीचं. कळशीचा रिवाज कुणी मोडला म्हणून सांगितलं नाही, पण आपली कळशी पुढं करणारं कुणी उरलं नाही.

पाटोद्याच्या दूधकेंद्राचा नियम सरळ होता: रोज किमान दहा लिटर, मार्गाच्या गाडीनं. त्याहून कमी भरलं की मार्ग बंद. आणि बंद झालेला मार्ग पुन्हा सुरू झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पलीकडच्या वाडीचा मागच्या दुष्काळात बंद झाला. तिथं पाऊस आला, गुरं आली, दूध आलं. गाडी आली नाही. म्हणून बंकट अकरा लिटर दूध पोचवायला पंधरा लिटर पाणी घेऊन रोज उतरत होता. जाताना अर्धी कळशी, येताना अर्धी.

आजही ओढ्यापलीकडच्या चढाला हळदीचा वास आला. उष्णता दाखवणारा काटा कधीचाच मोडला होता. जीप तापली की उकळलेल्या हळदीचा वास यायचा, तेच तिचं सांगणं. तो उतरला, फडक्यानं झाकण सैल केलं, वाफ जाऊ दिली आणि पाणी ओतलं. ओतताना त्याला गोठ्यातली म्हैस आठवली. हात थांबला नाही.

केंद्रावर त्रिंबकरावानं नमुना घेतला आणि हसला. “सेक्रेटरी, दुष्काळात तुमचं दूध लई चोख. असं फॅट जन्मात लागलं न्हाई.”

“मिसळायला पाणी कुठाय?”

“तेच म्हणतो. दुष्काळानं माणसं इमानदार केली.” मग त्यानं डबा मापला आणि हसू आवरलं. “साडेनऊ हायेत.”

“नीट बघा.”

“दोनदा बघितलं.”

बंकटला बघायची गरज नव्हती. उत्तरेश्वराचं तीन, साखराबाईचं तीन. म्हैस पाच द्यायची, आज साडेतीन दिलं.

“म्हैस आटतीय,” तो म्हणाला.

“कावून? आजारी हाय?”

“न्हाई. तिला पाणी कमी पडतंय.”

“घराला सहा कळश्या मिळतात ना? माणसं दोन, म्हैस एक. ओढून-ताणून तरी भागायला पाहिजे.”

बंकट डब्याचं झाकण लावत राहिला. नीट बसलेलं झाकण त्यानं काढलं आणि पुन्हा लावलं.

“आज दहा लिहितो,” त्रिंबकराव आवाज खाली आणून म्हणाला. “उद्या न्हाई लिहिणार. तपासणी हाय. राग मानू नका.”

“तुमचा कशाला?”

परतीच्या घाटात उरलेली अर्धी कळशी संपली. वस्ती हाकेच्या अंतरावर राहिली आणि हळदीचा वास असा दाटला, की त्यानं मुकाट्यानं जीप कडेला घेतली. बोनेट उघडून तो धोंड्यावर बसला. खाली धुळीत थेंब पडत होते.

वरून घुंगरू वाजलं. जानकी म्हैस घेऊन उतरत होती. डोक्यावर गाठोडं, काखेत रिकामी कळशी.

“कुठं?”

“छावणीत. तिथं हौद हाय.”

“अगं, उद्या तपासणी हाय. आजच अर्धा लिटर कमी भरलंय.”

“ठाव हाय. पहाटे मीच पिळली तिला.”

“एक दिवस थांब. टँकर येईल.”

“टँकर आला तरी सहाच देणार. त्यातल्या चार हिच्या.” तिनं जीपकडं हनुवटी केली.

“मार्ग बंद पडला तर वस्तीचं दूध पुन्हा डोक्यावरून जाईल, जानके. उद्या पाऊस आला, सगळी गुरं वर आली, की पाटोद्याला काय घेऊन जायचं?”

“आणि म्हैस मेली तर काय घेऊन जायचं?”

दोघांमध्ये जीप तोंड उघडून उभी होती.

एवढ्यात म्हशीनं दावं ओढलं. मान खाली घालून तिनं जीपच्या नाकाडाखाली तोंड सरकवलं आणि धुळीतला पिवळा ओलावा ती चाटू लागली. वरून एक थेंब तिच्या नाकावर पडला. तिनं तोही चाटला आणि पुढच्याची वाट बघत राहिली.

जानकी बघत होती. बंकटही बघत होता. मग तो उठला. दावं धरायचं की वाट सोडायची हे त्याचं त्यालाच कळेना, म्हणून मधेच उभा राहिला.

“उद्या केंद्रावर काय सांगू?” त्यानं विचारलं.

जानकीनं म्हशीची मान हळूच बाहेर काढली, नाकावरचा पिवळा डाग पदरानं पुसला, दावं मनगटाला गुंडाळलं आणि त्याला वळसा घालून घाट उतरू लागली.