जावयाचा लाल डाग

माझ्या कमरेखाली काय चाललंय हे मला सोडून घरात सगळ्यांना कळतं. मणक्याला मार बसल्यापासून तिथली बातमी वर यायची बंद झाली आहे. चिमटा काढा, चटका द्या, मी आपला हसतमुख. म्हणून बायको रोज सकाळ-संध्याकाळ मला कुशीवर वळवून मागची कातडी तपासते. व्हीलचेअरवर बसून बसून माकडहाडाशी लाल डाग उठला, तर त्यावर बोट दाबायचं. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर आतलं मांस बिघडायला लागलंय, त्यावर भार देणं तिथल्या तिथे बंद. मागे असाच एक डाग फुटला आणि अख्खा पावसाळा मी पालथा पडून काढला. कोपरखैरण्याच्या आमच्या फ्लॅटमधली फरशी तेव्हा मला तोंडपाठ झाली होती.

यंदा डाग पुन्हा दिसला, आणि नेमकं तेव्हाच बायकोला ऐरोलीच्या ऑफिसनं आठवडाभर पुण्याला पाठवलं. दाबल्यावर तो जात होता, म्हणून ती गेली. मदतीला साताऱ्याकडच्या गावाहून सासूबाई आल्या.

सासूबाई जुन्या वळणाच्या. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. 'पाव्हण्यांना चहा हवा का?' हे त्या लेकीला विचारायच्या. लेक गेल्यावर हेच फ्रिजला विचारू लागल्या. फ्रिजच्या वतीनं मी हो म्हणायचो. अशा बाईला आता रोज दोनदा जावयाचं ढुंगण निरखायचं होतं. बायकोनं जाताना सगळं समजावलं होतं. त्यांनी मान डोलावली, पण नजर खिडकीबाहेर होती.

पहिल्या सकाळी मी चादर सारून कुशीवर वळलो. दारात बांगड्या वाजल्या, "बरं हाय" असं ऐकू आलं आणि बांगड्या परत गेल्या. संध्याकाळीही बरंच होतं. बायकोनं व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगितलं, तर तिला आईचं कपाळ आणि पंख्याचं एक पातं एवढंच दिसलं. नेटवर्क खराब आहे, असा निकाल सासूबाईंनीच दिला.

मला शंका आली. माझे हात मागे पोचतात, डोळे पोचत नाहीत. तेव्हा मी बाथरूमच्या आरशावरची बायकोची सगळ्यात मोठी टिकली काढली आणि डागापासून लांब, चांगल्या कातडीवर चिकटवली. मग सासूबाईंना हाक मारली.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "निर्मळ हाय अगदी."

मी हात मागे नेला, चाचपून टिकली काढली आणि त्यांच्यासमोर धरली. त्या टिकलीकडे बघतच राहिल्या. चोर रंगेहाथ सापडल्याचा मला इतका आनंद झाला, की अशी तपासणी कुठल्या गावात शिकवतात, असं मी विचारलंसुद्धा. तेव्हा फ्रिजला मध्ये न घेता त्या पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"जावयाचं अंग कसं बगायचं वो? मी डोळं मिटूनच येत हुते."

मला हसू आवरेना. हसत हसतच म्हटलं, डाग फुटला तर पुढचे कित्येक महिने ऑफिस सांभाळून तुमच्या लेकीलाच जखम धुवायला लागेल. त्यांनी ते गमतीत घेतलं नाही. डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला, चष्मा आणला, दिवा लावला. बांगड्या माझ्या मागे येऊन थांबल्या. त्यांचं बोट कुठे आहे हे मला कळायला मार्ग नव्हता.

"पाव्हणं, ह्यो दाबून बी जात न्हाई."

माझी सगळी गंमत जिरली. मला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी.

बायकोनं पुण्याहून डॉक्टरांना फोन केला. भार अजिबात नको आणि चोळायचंही नाही, असं त्यांनी सांगितलं. सासूबाईंनी हातात घेतलेली खोबरेलाची बाटली जागेवर ठेवली आणि घरात त्यांचं राज्य सुरू झालं. व्हीलचेअर बाल्कनीत गेली, तिच्यावर मेथीची जुडी बसली. मी फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करतो, ती पालथ्यानंच करू लागलो. जरा पाठीवर वळायला गेलो की स्वयंपाकघरातून "पालथं व्हा!" असा हुकूम यायचा. एका चिडलेल्या ग्राहकाला तो आपल्यालाच आहे असं वाटलं आणि तो एकदम नरमला. चष्मा लावून सासूबाई सारख्या येत, दाबत, "हाय अजून" म्हणत आणि मलाच रागावल्यासारख्या परत जात.

बायको यायच्या आदल्या दिवशी सकाळी त्या आल्या, वाकल्या, आणि चष्मा पुसून पुन्हा वाकल्या. मी उशीत तोंड खुपसून थांबलो.

"गेला," त्या म्हणाल्या. "पांढरा पडतुया, बगा."

आणि आनंदाच्या भरात, न्हाऊ घातलेल्या पोराला मारतात तशी एक हलकी चापट त्यांनी डाग सोडून पलीकडच्या बाजूला मारली. मग भानावर आल्या आणि पदर सावरत स्वयंपाकघरात पळाल्या. मला फक्त आवाज आला. आयुष्यात खाल्लेल्या चापटांपैकी लागली नाही म्हणून वाईट वाटलं, अशी ती एकच.