नवा कर्नल पाहुण्याला ओळखत नाही

अरे, इकडे या जरा, जवळ बसा. निखिलच्या मित्रांनाच म्हणते आहे मी. त्याच्या तेरवीला आलात, ताटावरून उठता उठता "काही लागलं तर सांगा, मावशी" म्हणालात, आणि एकानेही नंबर ठेवला नाही. असं करतात का? म्हणून मग पेपरच्या पुरवणीत लिहिते आहे. वाचाल कुठेतरी.

निखिल माझ्या धाकट्या बहिणीचा, शांताचा मुलगा. ती लवकर गेली. तो इथे दिघोरीला माझ्याकडेच वाढला, मला मोठीमाय म्हणायचा. नोकरी नागपूरला, कॉम्प्युटरची. त्या सकाळी मीच त्याला फोन लावला होता. विजेची लाइन गेली-आली होती आणि माझं मशीन अडून बसलं होतं. पलीकडून "हॅलो" आलं, तशी मी आवाजही न ओळखता सांगत सुटले, की पाहुणा उठून नाही राहिला, नवा कर्नल आला वाटते. पलीकडच्या बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, मी त्याच्या ऑफिसातला. निखिलला दवाखान्यात आणलं होतं..." त्या 'होतं'वरूनच मला कळलं.

आता हा पाहुणा कोण, तेही सांगते. मी अंगणवाडीत होते, टायपिंग माझं मीच शिकले. धानाच्या रोवण्याला बायका बांधीतल्या चिखलात गाणी म्हणत, ती मी एका जुन्या मराठी टायपिंगच्या प्रोग्राममध्ये उतरवत गेले. सगळ्यात जास्त शांताची. पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी सोडता सोडता तिला नवी ओळ सुचायची. पुढे तो कॉम्प्युटर बसला. नव्यावर प्रोग्राम चालेना, आणि फाइली दुसऱ्या कशात उघडल्या की नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं. मग निखिलने नव्या मशीनवर लिनक्स नावाची वेगळी सिस्टिम टाकली आणि त्याच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर उभा केला, जुन्या विंडोजचा. बाहेरचा यजमान, आतला पाहुणा, म्हणाला. पाहुण्याला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत.

"चहा लागते का त्याले?" मी विचारलं.

"रॅम लागते, मोठीमाय. चहापेक्षा महाग."

अधूनमधून यजमान अपडेट व्हायचा की पाहुणा अडायचा. कर्नल बदलला, असं निखिल म्हणायचा. मला कित्येक दिवस वाटलं, मिलिटरीतलाच कोणी असेल. तो हसून हसून बेजार. मग समोर बसवून समजावलं, की कर्नल म्हणजे यजमानाचा जीव. "नवा आला का त्याले पाहुणा माहीत नसते. वळख करून द्या लागते." काळ्या पडद्यावर एक-दोन ओळी लिहायचा, अक्षरं सरसर धावायची, आणि पाहुणा उठायचा. पाहुण्याला हात लावण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवायचा. बिघडलंच तर त्या फोटोपाशी परत जाता येतं म्हणे. मला शिकव म्हटलं, तर म्हणे, "तू कायले डोकं शिणवतेस, मी आहो ना."

आता कर्नल नवा आहे आणि वळख करून देणारा नाही. लाखांदूरचे कॉम्प्युटर-दुकानवाले भाऊ येऊन गेले. पडदा पाहिला, मान खाजवली. "काकू, फॉरमॅट मारून देतो. सगळं पुसून एकदम नवं होऊन जाईल."

"नवं कोणाले पाहिजे, भाऊ?" म्हटलं, चहा पाजला, पाठवलं. त्यांची तरी काय चूक? पाहुण्याचे फोटो आहेत सगळे जागेवर, पण यजमानाचंच दार लागलेलं, तिथे फोटो काय करणार. शांता आत आहे. सुखरूप आहे, असं आपली मी म्हणते. तिची एक ओळ आठवायला जावं तर अर्ध्यावर तुटते... लिहून ठेवलं होतं ना, म्हणून डोकं निर्धास्त होतं.

रोज उठून बटण दाबते. तीच इंग्रजी ओळ येते. शब्द लावून लावून वाचते. काय झालं ते कळतं, काय करायचं ते नाही. मग मागे स्टुलावर येऊन बसते. निखिल लिहायचा तेव्हा तिथेच बसायची मी. त्याची खुर्ची पुढे, टेबलाला लागून. तिच्यावर बसल्याशिवाय कीबोर्डला हात पोचत नाही, आणि बसवत तर नाही...

तर पोरांनो, वळख करून देता आली तर द्या. नाही आली तरी या, फॉरमॅट तेवढं म्हणू नका. जेवायच्या घाईत नको, मुक्कामालाच या. त्या खुर्चीवर खुशाल बसा, मी काही म्हणणार नाही. पण लवकर या, बाबू.